जीभ एक, मनगटं दोन

रविवारी सकाळी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर श्वासगुरू, दोन्ही बाजूंना उदबत्त्यांचा धूर आणि समोर चकित व्हायला टपलेली माणसं. गुरू पाच-पाच जणांना वर बोलावत. ओळीने सगळ्यांची डावी मनगटं धरून, अंगठ्याने चोळून नाडी पाहत आणि मग एकेकाला म्हणत, "चाटा. दहापर्यंत मोजा. आता हुंगा."

हुंगणाऱ्याचं तोंड वाकडं व्हायचं आणि सभागृह हळहळायचं.

"देह हे घर, तोंड हा दरवाजा," गुरू सांगत. "दारात वास आला की समजावं, आत काहीतरी मेलंय. काय मेलंय ते तुमचं तुम्हाला ठाऊक."

ठाऊक कुणालाच नसायचं, पण आठवायचं मात्र प्रत्येकाला काही ना काही. मग शुद्धिजलाचा एक घोट, उजव्या मनगटाची नाडी, पुन्हा चाटणं, पुन्हा हुंगणं, आणि काय आश्चर्य, गुलाबाचा घमघमाट. हा गुण म्हणे आठवडाभरच टिकायचा. म्हणून बाटली घरी न्यायची आणि पुढच्या रविवारी पुन्हा यायचं.

चष्मेवाली आज तिसऱ्यांदा मंचावर चढली होती. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची, फ्रेम नाकावर बसवून द्यायची. म्हणजे दिवसभर लोकांच्या तोंडासमोर तोंड. एकदा एका गिऱ्हाइकाने नाकाला रुमाल लावला आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. ती शंका घेऊन ती इथे आली, आणि जाताना खात्री घेऊन गेली. तेव्हापासून कुणी मान वळवली तरी माझ्यामुळे, कुणी खिडकी उघडली तरी माझ्यामुळे. ओंजळीत फुंकर मारून हुंगावं तर नुसता साबणाचा वास. पण गुरूंनी बजावलं होतं, "घरी तपासू नका. स्वतःच्या नाकाला स्वतःचा वास कळत नाही." हे वाक्य अर्धं खरं होतं आणि म्हणूनच ते तिला छळत होतं.

खरा घोळ घरी झाला होता. तिच्या वडिलांना, अण्णांना, अगदी कानाशी तोंड नेऊन बोललं तरच ऐकू यायचं. रोज संध्याकाळी ती त्यांच्या कानाशी बसून दुकानातल्या गमती सांगायची. गुरू म्हणाले होते, "गुलाबाचा वास वरवरचा. आतला दोष जाईपर्यंत कुणाजवळ श्वास सोडू नका. म्हाताऱ्यांना तो लगेच लागतो." पंधरा दिवस ती दारातूनच बोलत होती. अण्णा मान डोलवत आणि गप्प बसत. तिला रात्रंदिवस तेच खात होतं.

"चाटा," गुरू म्हणाले.

तिने डावं मनगट चाटलं, हुंगलं. दुर्गंधी होतीच. पण डोळे तपासताना एक डोळा झाकायचा, मग दुसरा, ही तिची वर्षानुवर्षांची सवय. एका डोळ्यावरून तिने दोन्हींचा नंबर कधी दिला नव्हता. तिने उजवं मनगटही चाटलं.

"ते नाही," गुरू घाईने म्हणाले. "उजवं शुद्धिजलानंतर."

"का? जीभ तर एकच आहे."

"ऊर्जेचे मार्ग वेगळे असतात, ताई."

तिने दहा मोजले. उजव्या मनगटाला कसलाच वास नव्हता. पंधरा दिवस स्वतःवर रोखलेला तिचा संशय पहिल्यांदाच समोरच्या माणसाकडे वळला, आणि तिला भयंकर राग आला.

शेजारी शाळेतल्या भूमितीच्या बाई उभ्या होत्या. त्यांचं मनगट चोळून झालं होतं, चाटायचं बाकी होतं.

"बाई, जीभ लावू नका," चष्मेवाली म्हणाली आणि पिशवीतल्या बाटलीतलं साधं पाणी तिने त्यांच्या मनगटावर शिंपडलं. "आता हुंगा."

बाईंनी हुंगलं आणि त्यांचा चेहरा कसनुसा झाला. "मी तर चाटलंच नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "मग हा वास कुणाच्या तोंडाचा?"

गुरूंनी हात पाठीमागे नेले. रांगेतल्या पोस्टमनने ते धरून पुढे आणले, तेव्हा डाव्या बाहीतून कुजलेल्या लसणाच्या पाण्यात भिजवलेला स्पंज निघाला आणि उजव्या बाहीतून अत्तराचा. अंगठा स्पंजावर, मग मनगटावर. वाळलेला लेप थुंकीने ओला झाला की वास उठायचा. तोवर तो धुरात लपून राहायचा. शुद्धिजल म्हणजे नळाचं पाणी.

एवढं होऊनही दोघा-तिघांनी जाताना बाटली मागितलीच. लोकांपुढे हात टेकावेत ते इथे. मनगट चाटून बघायला कुणाची हरकत नाही, पण ते स्वतः धुतलेलं असावं आणि दुसऱ्या कुणी धरलेलं नसावं. वास आलाच तर दात घासा, जीभ साफ करा, दातांच्या डॉक्टरकडे जा. आत काही मेलेलं नसतं.

चष्मेवाली घरी आली ती थेट अण्णांच्या कानाशी बसली. "अण्णा, माझ्या तोंडाला वास येतो का? खरं सांगा."

अण्णा दचकले. मग त्यांनी तिचा हात घट्ट धरला.

"ऐकू आलं," ते म्हणाले. "दोन आठवडे तुझे नुसते ओठ हलताना दिसत होते. मला वाटलं, उरलेसुरले कानही गेले. तू घाबरशील म्हणून बोललो नाही."

तिला रडू आवरेना. "आणि वास?"

"सकाळी उठल्यावर येतो. तो सगळ्यांनाच येतो," अण्णा म्हणाले. "अगं, पहिल्याच दिवशी मला विचारायचं होतंस."