सरांचा हर्निया

टेबलावर आल्यावर पेशंटने गप्प पडून राहावं, एवढीच माझी अपेक्षा असते. त्या दिवशी टेबलावर आमचे शरीररचनेचे सर होते. कमरेखाली बधिर केलं होतं, पण तोंडाचा पट्टा चालूच.

सरांनी उभी हयात डिसेक्शन हॉलमध्ये, मृतदेहांवर शिकवण्यात काढली. सुरी कशी धरायची हे मला त्यांनीच शिकवलं, तेही उठता-बसता उद्धार करत. आता मोठमोठे सर्जन सोडून ते हर्नियासाठी माझ्याकडे आले होते आणि मला धडकी भरली होती. हर्नियाच्या वाटेवर दोऱ्याएवढा एक मज्जातंतू असतो. तो तुटला की जांघ बधिर. दुसऱ्या कुणाला नुसतं बधिर वाटलं असतं. सरांना माझी चूक नावागावासकट कळली असती.

मी सुरी टेकवली. पडद्यापलीकडून प्रश्न आला, "छेद केवढा घेतेयस?"

"चार बोटं, सर."

"कंजूषपणा कसला करतेस? चांगला लांब घे. सगळं नीट दिसलं पाहिजे."

"सर, मला परत शिवायचंय."

भूलतज्ज्ञाने खोकल्याआड हसू लपवलं. तेवढ्यात सक्शनची नळी घुरघुरली.

"हा कसला आवाज?"

"थोडं रक्त ओढून घेतोय."

"रक्त?"

"नाडी पळतेय यांची," भूलतज्ज्ञ कुजबुजला. माझ्या लक्षात आलं. एवढी वर्षं कापाकापी शिकवली, पण सरांच्या टेबलावर कधी रक्त आलंच नव्हतं.

"पोरी," सर हळूच म्हणाले, "माझ्या टेबलावरून आजवर कुणी उठून घरी गेलेलं नाही गं."

मला गलबलून आलं. ज्यांना आम्ही चळाचळा कापायचो, ते घाबरले होते.

"सर, या थराखाली काय लागेल हो?" मला सगळं पाठ होतं, तरी विचारलं.

"विसरलीस? ढ ती ढच राहिलीस!" आणि सर सुरू झाले. एकेक थर, एकेक स्नायू, मधूनमधून माझा उद्धार. नाडी ताळ्यावर आली.

"आता सुरी ठेव खाली. नर्व्ह तिथेच असेल. बोटाने बाजूला कर."

सुरी मी केव्हाच ठेवली होती. "केली, सर. शाबूत आहे."

दुसऱ्या दिवशी नर्सचा हात झिडकारून सर स्वतःच पलंगावरून उतरले. जांघेला करकचून चिमटा काढला, "आई गं!" म्हणून ओरडले आणि लहान मुलासारखे हसले.

"उठलो की गं मी!"