फुकटची मॉडेल

नाटक कंपनीच्या मॅनेजरने काम दिलं तेव्हा फोटोग्राफरला आधी आनंद झाला आणि मग घाम फुटला. थिएटरच्या दालनात नटनट्यांच्या नुसत्या चेहऱ्यांचे फोटो लावायचे होते, दारापेक्षा मोठे. "हनुवटीपासून कपाळापर्यंत," मॅनेजर म्हणाला, "आणि बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की माणूस हाताच्या अंतरावर उभा आहे."

इतकी वर्षं त्याने आपल्या छोट्या स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढले होते, बाहेर लग्नं आणि शाळांचे ग्रुप केले होते. तिथे कुणी कुणाच्या भुवया मोजत नाही. त्याच्याकडे होती ती पस्तीस एमएमची लेन्स. ती घेऊन जवळ गेलं की फोटोत नाक आधी यायचं आणि माणूस मागाहून.

कॅमेऱ्याचा दुकानदार ओळखीचा होता. त्याने दोन लेन्स वापरून बघायला दिल्या, एक पंच्याऐंशीची आणि एक शंभरची मॅक्रो. "एक ठेव, एक परत आण," तो म्हणाला. "ओरखडा पडला तर दोन्ही तुझ्या."

आता समोर बसायला कुणीतरी हवं होतं. बायको दवाखान्यात रिसेप्शनला. ती म्हणाली, "मी दिवसभर काउंटरवर चेहरा देऊनच येते. घरी आल्यावर त्याला सुट्टी."

नेमकी त्याच आठवड्यात आत्या राहायला आली होती. वडिलांची धाकटी बहीण. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावरही आवाज तसाच राहिला, स्वच्छ, प्रत्येक अक्षर धुऊन वाळवून ठेवल्यासारखं. तीन वर्षांपूर्वी तिच्या तोंडावरून वारं गेलं. बरीचशी बरी झाली, पण डावा डोळा अर्धाच उघडायचा आणि हसली की ओठांची डावी बाजू मागे राहायची. तेव्हापासून घरात फोटो निघाला की आत्याला नेमकं गॅसवरचं दूध आठवायचं.

"आत्या, तू बस ना," तो म्हणाला. "तुझा चेहरा छान आहे फोटोला."

गिऱ्हाइकाला 'खांदे सैल सोडा' म्हणावं, तितक्याच सहज त्याने हे म्हटलं होतं.

"माझा?" आत्या हसली. "टिल्लू, डोळे तपासून घे बाबा." सहा फुटी माणसाला टिल्लू म्हणणारी ती आता एकटीच उरली होती. पण थोड्या वेळाने ती आतल्या खोलीतून बाहेर आली तेव्हा तिने जांभळा स्वेटर घातला होता, कानात मोत्याचे टॉप्स होते आणि केस पुन्हा विंचरलेले होते.

त्याने तिला खिडकीशी खुर्चीवर बसवलं.

"डावीकडून नको ना रे," ती म्हणाली.

"अगं, तिकडूनच उजेड आहे."

ती बसली.

पंच्याऐंशीने तो गप्पा मारायच्या अंतरावर बसून फोटो काढू शकत होता. मॅक्रो अगदी जवळ नेता यायची आणि त्वचेवरची लव मोजून दाखवायची. फरक नीट कळायला बारीक काहीतरी हवं होतं, म्हणून त्याने दोन्ही वेळा फोकस लावला तो डाव्या डोळ्यावर. अर्ध्या मिटलेल्या पापणीच्या घड्या, त्यावरचे विरळ केस, ओठाच्या कोपऱ्यातल्या रेघा. अख्ख्या घरात इतकं बारीक नक्षीकाम दुसरं कुठे नव्हतं. "हलू नकोस. बोलू नकोस. खाली बघ. आता कुठेच बघू नकोस." आत्या सांगेल तसं करत राहिली.

दुसऱ्या दिवशी तो वायर गुंडाळत होता तेव्हा ती आपणहून येऊन उभी राहिली. तोच स्वेटर. "आज नाही का बसायचं?"

खरं तर गरज नव्हती. पण त्याने बसवलं, आणि त्या दिवशी आत्या बोलत सुटली. एक्स्चेंजमध्ये एक गृहस्थ रोज फोन करून फक्त वेळ विचारायचे, एके दिवशी तिने विचारलं की तुमच्याकडे घड्याळ नाही का, तर म्हणाले, आहे हो, पण ते बोलत नाही. हे सांगताना ती इतकी हसली की डोळ्याचं, ओठाचं भान राहिलं नाही. त्याने तोही फोटो घेतला, पण मनात होतं ते एवढंच की हसताना फोकस टिकतो का.

संध्याकाळी त्याने फोटोग्राफरांच्या ग्रुपवर दोन तुकडे टाकले. पूर्ण चेहरा नाही, फक्त डावा डोळा आणि ओठाचा कोपरा. खाली लिहिलं, 'पंच्याऐंशी की मॅक्रो? पोर्ट्रेटसाठी कुठली ठेवू?'

उत्तरं भराभर आली. मॅक्रो फार निर्दय आहे, असं एकाने लिहिलं. दुसऱ्याने लिहिलं, 'एक खिडकी बंद दिसतेय.' तिसऱ्याने लिहिलं, 'काकू डोळा मारतायत, जपून राहा.' मग हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्यालाही हसू आलं. माणसं आपल्या पोस्टवर जमलीत याचं बरं वाटलं, आणि त्या भरात त्याने लिहिलं, 'मॉडेल फुकटची आहे, चालवून घ्या.'

सकाळी आत्याने फोटो बघायला मागितले. त्याने फोटो उघडून फोन तिच्या हातात दिला, बोटाने सरकवायचे म्हणून सांगितलं, आणि खाली कुरिअरवाला आला होता त्याच्याकडे गेला. तिथे पत्त्याचा घोळ निघाला, वेळ लागला. वर आला तेव्हा फोन टेबलावर पालथा ठेवलेला होता आणि आत्या स्वयंपाकघरात कप धूत होती.

"बघितलेस?"

"बघितले," ती पाठमोरीच म्हणाली. "छान आलेत."

दुपारी स्टुडिओत त्याने ग्रुप उघडला. 'काकू, मनापासून सॉरी.' 'आम्हाला कल्पना नव्हती हो.' 'काकू, मी मूर्खासारखं बोललो.' एकामागून एक. कुणाची काकू, काय झालं, त्याला कळेना. तो वर वर सरकत गेला. आणि मग दिसलं. त्याच्याच नावाने, त्याच्याच फोनवरून गेलेलं:

'काकू डोळा मारत नाहीत. तीन वर्षांपूर्वी तोंडावरून वारं गेलं, तेव्हापासून हा डोळा अर्धाच उघडतो. फोटो शार्प आला आहे. – मॉडेल'

सकाळी फोन आत्याच्या हातात होता, तेव्हाच ग्रुपवरचं एखादं उत्तर वर झळकलं असणार. त्याचे कान तापले. समोर पासपोर्ट फोटोसाठी एक बाई स्टुलावर बसून होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" त्याने मान हलवली, फोटो काढला, तो हलला, पुन्हा काढला.

त्याने ते तुकडे पुसून टाकले. पण ज्यांनी बघायचे त्यांनी बघितले होते, आणि जिने बघायला नको होते तिनेही. एकाने खासगीत लिहिलं, 'भाऊ, घरातली होती तर आधी सांगायचं ना.' ते वाचून त्याला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरातली नसती तर चाललं असतं? आणि घरातली आहे हे माहीत असलेला त्या ग्रुपमध्ये एकच माणूस होता.

परक्या माणसांनी घटकाभरात माफी मागितली होती. त्याला जमेना. घरी आल्यावर तो आत्याच्या समोर जाऊन उभा राहायचा आणि तोंडातून निघायचं, "चहा टाकू?" जेवणानंतरही त्याने तेच विचारलं. बायको म्हणाली, "किती चहा पाजशील त्यांना? झोप उडेल." आत्या म्हणाली, "टाक, घेते." तिच्या वागण्यात काही फरक नव्हता. फक्त ती आता सोफ्याच्या त्या टोकाला बसत होती जिथे डावी बाजू भिंतीकडे राहते. कानात टॉप्स नव्हते. बायकोला काहीच माहीत नव्हतं, आणि तिला सांगायचीही त्याची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने मॅक्रो परत केली. दुकानदाराने विचारलं, "का रे?" तो म्हणाला, "फार जवळ जाते." आणि पंच्याऐंशी घेऊन थिएटरवर गेला. पहिलीच आली ती कंपनीतली सगळ्यात जुनी नटी. खुर्चीवर बसता बसता म्हणाली, "या अंगाने नको हं, इकडचा दात पडलाय."

"हो, हो," तो म्हणाला आणि लगेच उठला. त्याने दोन्ही दिवे, त्यांचे स्टँड, मागचं कापड, सगळं उचलून दुसऱ्या बाजूला नेलं. मॅनेजर घड्याळ बघत उभा होता, तरी नेलं. घरी तर दिवेही नव्हते. एक खुर्ची फिरवायची होती.

आत्या जायला निघाली तेव्हा तो म्हणाला, "मी सोडतो." ती नको नको म्हणत असताना त्याने तिची बॅग गाडीत ठेवली. वाटभर तो रस्त्याबद्दल बोलत राहिला. इथे पूल होतोय, तिकडे वळण बंद आहे. तिच्या इमारतीखाली गाडी थांबवली, किल्ली फिरवली, आणि समोरच्या काचेकडे बघत म्हणाला, "आत्या, माझं चुकलं. फार चुकलं."

ती आपल्या त्या स्वच्छ आवाजात म्हणाली, "हसले ते परके होते रे. त्यांना मी कोण? सॉरी म्हणाले, संपलं. एक्स्चेंजमध्ये याहून वाईट ऐकलंय मी."

"मग…"

"तू म्हणालास ना, चेहरा छान आहे. ते मी खरं धरलं." तिने पर्सचा बंद गुंडाळला आणि सोडला. "दुसऱ्या दिवशी आपणहून येऊन बसले. त्याची मला लाज वाटते. तुझी नाही, माझी."

"आत्या, तो आहेच छान, खरंच…"

"आता नको," ती हळूच म्हणाली.

त्याला तिचा तो हसतानाचा फोटो आठवला. या दोन दिवसांत त्याने तो कितीदा तरी उघडून बघितला होता. त्यात डोळा अर्धा होता, ओठ वाकडा होता आणि आत्या पूर्ण होती. तो चाचरत म्हणाला, "एक फोटो फार चांगला आलाय. मोठा करून देऊ?"

"सगळे पुसून टाक," ती म्हणाली. "पुसशील ना?"

"पुसतो."

त्याने पुसले. हसतानाचा शेवटी राहिला होता. त्यावर त्याचं बोट बराच वेळ घुटमळलं, ठेवला तर तिला कळणार नाही हेही मनात आलं, आणि तसं मनात आलं म्हणूनच त्याने तो पुसला.

थिएटरच्या दालनात चेहरे लागले. लोक थांबून बघत. मॅनेजरने पुढच्या नाटकाचंही काम दिलं. बायको उद्घाटनाला आली होती, ती म्हणाली, "माणसं किती निवांत बसलीत रे तुझ्यासमोर."

काही महिन्यांनी आत्या पुन्हा आली. मैत्रिणींबरोबर परदेशी फिरायला जायचं ठरलं होतं, पासपोर्ट काढायचा होता. जेवायच्या वेळेला दारात आली, नेहमीसारखी, टिल्लू म्हणून हाक मारत, बायकोसाठी पुस्तक आणि त्याच्यासाठी मोजे घेऊन. बसल्यावर तिने पर्समधून एक लहानसं पाकीट काढलं.

"हे बघ, आत्ताच काढले. तुमच्या चौकातल्या दुकानात."

पाकिटावर दुसऱ्या स्टुडिओचं नाव होतं. बायकोने चमकून त्याच्याकडे बघितलं. "अहो आत्या, घरचा स्टुडिओ असताना?"

"वाटेत होतं ना ते," आत्या म्हणाली.

वाटेत त्याचाही स्टुडिओ होता. त्याने फोटो हातात घेतला. फ्लॅश सपाट मारलेला, कपाळ चकाकतंय, नाक पसरलेलं. आत्या समोर बघत होती, एक डोळा पूर्ण, एक अर्धा.

"कसा आलाय?" तिने विचारलं.

"छान आलाय," तो म्हणाला, आणि म्हणताक्षणी त्याला वाटलं, हे तरी आपण बोलायला नको होतं.

"मला पण बरा वाटला. काही बोललाच नाही तो. वर बघा म्हणाला आणि काढला."

तिने फोटो परत पाकिटात घातले. बायकोने ताटं मांडली. तो पाणी आणायला उठला आणि स्वयंपाकघरात नळ चालू ठेवून काही वेळ तसाच उभा राहिला, जोवर बाहेरून आत्याची हाक आली नाही, "टिल्लू, ये रे, अन्न निवतंय."