गेणू बागुल यांजकडून

मी नक्कल आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी तोंड वाकडं करायला नको.

साठ-सत्तर वर्षांमागे परदेशात शर्यतीत पळणारी एक गाडी होती. लांब नाक, वर छप्पर नाही, ड्रायव्हरच्या पाठीमागे माशाच्या परासारखा उंचवटा. मी तिच्यासारखी घडवलेली गाडी. तिला मी पाहिलेलं नाही. ज्याने मला घडवलं त्यानेही पाहिलेलं नाही. त्याने तिचा फक्त फोटो पाहिला, रंगाच्या दुकानाच्या कॅलेंडरवर.

त्याचं नाव गेणू पुंजा बागुल. मूळचा कळवणकडचा. शाळा चौथीपर्यंत. नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, भाड्याच्या गाळ्यात, त्याने चाळीस वर्षं डेंटरचं काम केलं. ठोकर लागलेली गाडी यायची, हा पत्रा सरळ करून द्यायचा. त्या धंद्याचं एक आहे. काम वाईट झालं तर सगळ्यांना दिसतं. चांगलं झालं तर कोणालाच दिसत नाही. गिऱ्हाईक पत्र्यावरून हात फिरवून म्हणायचं, जणू काही झालंच नव्हतं. गेणू मान हलवायचा आणि पुढच्या गाडीकडे वळायचा.

मला त्याने अकरा वर्षं रविवारी रविवारी घडवलं. इंजिन भंगारातल्या जीपचं. सांगाडा सळयांचा. अंग अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं. वाळूच्या पोत्यावर पत्रा ठेवायचा आणि लाकडी मोगरीने ठोकत राहायचं, मनासारखी गोलाई येईपर्यंत. माप कुठून आणणार? फोटोतल्या ड्रायव्हरचं डोकं त्याने दोऱ्याने मोजलं, मग स्वतःचं मोजलं, आणि त्या प्रमाणात सगळी गाडी काढली. फोटोतल्या माणसाने जाड टोपी घातली होती, ते ध्यानात आलं नाही. टोपीसकट डोकं त्याने नुसतं डोकं धरलं. त्यामुळे मी मूळ गाडीपेक्षा हातभर आखूड झाले.

झाले तर झाले. मला चालू केलं की समोरच्या कारखान्यातले कामगार जेवण टाकून बाहेर येत. मला नंबर नाही, त्यामुळे रस्त्यावर जायची सोय नाही. वसाहतीतल्या एका मोकळ्या प्लॉटवर गेणू मला फिरवायचा. धूळ उडायची. तो हसायचा नाही. पण एक फेरी जास्त मारायचा.

नावाची गोष्ट नवसाबाईमुळे झाली. नवसाबाई गेणूची बायको. मी पुरी झाले त्या दिवशी ती मला बघायला आली, सगळीकडून फिरली आणि म्हणाली, घरात वाटी-चमच्यावर नाव आहे, मग हिच्यावर का नाही? दुसऱ्या दिवशी ती भांडी बाजारातून बारकूला घेऊन आली. बारकू भांड्यांवर नावं घालणारा. त्याचं छोटं मशीन, टर्र टर्र करणारं. स्टिअरिंगच्या पुढच्या पत्र्यावर घालायचं ठरलं. गेणूने नाव सांगितलं. बारकूने डोळे बारीक करून काम सुरू केलं.

दिवस लग्नसराईचे. सकाळपासून त्याने ताटं आणि तांब्येच केले होते. नाव संपलं तरी हात थांबला नाही. गेणूने एकेक अक्षर लावत वाचलं: गेणू पुंजा बागुल यांजकडून सप्रेम भेट.

बारकूचा चेहरा उतरला. सवयीनं हात पुढं गेला, म्हणाला. गेणूचा आवाज चढणार, तेवढ्यात नवसाबाई बोलली.

"भेट कुणाला ते लिहिलंच नाय. म्हंजे माझी."

लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. गेणूने तिला तोवर भेट म्हणून काही दिलं नव्हतं. अक्षरांवरचा पत्र्याचा कीस त्याने बाहीने पुसला. त्या दिवसापासून मी नवसाबाईची.

गेल्या वर्षी गाळ्याच्या मालकाने गाळा परत मागितला. त्याला तिथे गोडाऊन करायचं होतं. गेणूचा मुलगा योगेश त्याच वसाहतीत मशीनवर कामाला. त्याने मार्ग काढला. गाडी विकू, आलेल्या पैशात कळवणच्या प्लॉटवर शेड बांधू, आण्णांचा धंदा आपल्या जागेत होईल. गेणू तीन दिवस पत्रा ठोकत राहिला. चौथ्या दिवशी त्याने नवसाबाईकडे बघितलं. ती म्हणाली, विका. तेव्हा तो योगेशला म्हणाला, टाक. योगेशने माझे फोटो मोबाईलवर टाकले.

मग माणसं येऊ लागली. माणसांची एक रीत मी तेव्हा पाहिली. घ्यायचं नसलं की माणूस जास्त वेळ बघतो. कोणी बोटाने पत्रा वाजवायचं. कोणी आत बसून फोटो काढायचं आणि चहा पिऊन जायचं. शर्यतीच्या गाडीला अ‍ॅव्हरेज किती पडतं, हे तर प्रत्येकाने विचारलं.

खरं गिऱ्हाईक एकच आलं. मयूर नावाचा तरुण, गंगापूर धरणाच्या बाजूला त्याचं मोठं रिसॉर्ट. बोलायला नम्र. भाव त्याने घासाघीस न करता कबूल केला. मला फाटकाशी काचेच्या खोलीत ठेवणार होता. मग त्याने हळूच पुढचं सांगितलं. नाकावर त्या परदेशी कंपनीचा बिल्ला बसवायचा. बाजूला पाटी लावायची, परदेशातून आणलेली अस्सल गाडी म्हणून.

"आणि हे तेवढं घासून टाकू, काका." त्याने अक्षरांवर बोट ठेवलं. "पाच मिनिटांचं काम आहे."

"नक्कल म्हणूनच लावा की, शेठ."

"नक्कल बघायला कोण येतं, काका?"

योगेशने ग्राइंडर उचलून प्लग लावला. मला त्याचा राग नाही. त्याच्या डोळ्यांसमोर शेड उभी होती.

गेणू म्हणाला, "थांब. गाडी माझी नाय. तुझ्या आईला विचार."

नवसाबाई कोपऱ्यात जेवणाचा डबा सोडत होती. तिने पदराला हात पुसले.

"शेठ, माझी पितळी घागर फुटली, ती मी मोडीत दिली. मोडवाल्यानं वजन केलं, पैसे दिले. नाव घासून द्या, असं काय तो म्हणला नाय. तुम्ही तर चांगली धडकी गाडी नेताय."

मयूर हसला. "मावशी, हे काय भांडं आहे का?"

"नाय ना? मग नाव कशाला खुपतंय?"

मयूर गेणूकडे वळला. काका, विचार करा, दुसरं गिऱ्हाईक मिळायचं नाही, म्हणाला. ते खरं होतं. गेणूलाही ते माहीत होतं.

"चाळीस वर्षं माझं काम दिसू नये म्हणून ठोकत आलो," गेणू म्हणाला. "हे एक दिसू द्या."

"मग गाडी इथंच राहील."

"राहू द्या."

त्याने स्वतः जाऊन प्लग काढला. मयूर गेला. योगेशने ग्राइंडर बाकावर आदळला आणि तोही गेला. आठ दिवस तो बापाशी बोलला नाही.

गाळा रिकामा झाला. मला पिकअपवर चढवून कळवणला आणलं. शेड झाली नाही. लोखंडाचे चार खांब आणि जुने पत्रे, एवढंच झालं. गेणू आता तिथे ट्रॅक्टरचे मडगार्ड सरळ करतो. पाऊस तिरपा आला की आम्ही दोघंही भिजतो. माझ्या नाकावरचा तांबडा रंग उडत चालला आहे. सीटवर कोंबडी बसते. नवसाबाई तिला हाकलते आणि अक्षरांवरची धूळ पुसते. रस्त्याने जाणारे थांबतात. खरी आहे का, विचारतात. गेणू सांगतो, नक्कल आहे, मी केली.

दिवाळीच्या सुट्टीत योगेश आला. येताना पत्र्याची पाटी आणि रंगाचा डबा घेऊन आला. मोठ्या अक्षरांत त्याने लिहिलं: गाडी विकणे आहे. खाली फोन नंबर घातला. मग ब्रश हातात धरून बराच वेळ बसून राहिला. बाप पलीकडे ठोकत होता, वर बघत नव्हता. योगेशने ब्रश पुन्हा रंगात बुडवला आणि आणखी एक ओळ घातली: नाव घासून मिळणार नाही.

ठोकणं थांबलं. गेणू आला, पाटीपुढे उभा राहिला आणि वाचून होईपर्यंत उभा राहिला. मग त्याने पाटी उचलली आणि रस्त्याच्या कडेला, सगळ्यांना दिसेल अशी रोवली.

ती अजून तिथे आहे. मीही आहे. पटत असेल तर थांबा. नसेल तर रस्ता मोकळा आहे.