परमुलखात गेलेलं नाव

बाळासो मगदुमांनी भिंतीवरची तसबीर उतरवली, टॉवेलात गुंडाळली आणि गडमुडशिंगीहून थेट कोल्हापुरात मैथिली वकीलबाईंचं ऑफिस गाठलं. तसबिरीत देव नव्हता, 'चिमणाबाई चटणी' या नावाच्या नोंदणीचा दाखला होता. दर खंडेनवमीला मिरची कांडायच्या यंत्रांबरोबर त्याचीही पूजा व्हायची. त्यामुळं काचेवर हळदीकुंकवाची पुटं चढली होती.

आपल्यापैकी कितीजणांच्या दुकानात असा दाखला टांगलेला असतो! एकदा चौकटीत बसला की आपण त्याला हात जोडतो, वाचत मात्र नाही. बाळासोंनीही वाचला नव्हता.

आता त्यांचा माल दुबईच्या बंदरात अडकून पडला होता. 'चिमणाबाई' हे नाव इथं दुसऱ्याच्या मालकीचं आहे, तेव्हा तुमचा माल नकली, असं तिथल्या लोकांचं म्हणणं. आईच्या हातच्या चटणीला कुणी नकली म्हणेल, हे बाळासोंच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तो दुसरा म्हणजे मोहित सबनीस. दुबईत यांची चटणी विकणारा पहिला व्यापारी. मध्येच त्याच्या ऑर्डरी बंद झाल्या, म्हणून बाळासोंनी दुसरा व्यापारी गाठून माल धाडला, तेव्हा हे उघड झालं. मोहितनं तिथं हे नाव कधीच स्वतःच्या नावावर करून घेतलं होतं आणि त्या नावानं भलतीच चटणी भरून विकत होता.

हा मोहित पहिल्यांदा गावात आला तेव्हा काय थाट होता! तांबडा-पांढरा रस्सा झाला, हलगी कडाडली, बाळासोंनी स्वतः त्याला फेटा बांधला. त्या जेवणाला मैथिलीही होती. बाळासोंच्या गुरुजींची ती मुलगी. माल पाठवायच्या आधी तिकडं नावाची नोंद करा, असं तिनं त्याच दिवशी बजावलं होतं. बाळासो खो खो हसले होते. पोरीला शिक्षण फार झालंय, असंही चारचौघांत म्हणाले होते.

मैथिलीनं त्यातलं काही उकरून काढलं नाही. तिनं दाखला नीट पाहिला.

"काका, हा कागद खरा आहे. पण तो आपल्या देशाच्या वेशीपर्यंतच चालतो. वेशीपलीकडं प्रत्येक मुलखात नोंद करावी लागते."

"पण नाव माझ्या आईचं हाय की. सगळ्या जिल्ह्याला ठावं हाय."

"जिल्ह्याला ठाऊक आहे, दुबईच्या कचेरीला नाही."

मग तिनं मोबाइल पुढं केला. बाळासोंचा फोन आल्यावर तिनं मोहितच्या वकिलाकडं विचारणा केली होती; त्यानं पुरावा म्हणून एक व्हिडिओ पाठवला होता. फेटा बांधल्यावर बाळासो माइक हातात घेऊन गरजत होते, "पावणं, आजपासनं तिकडं चिमणाबाई हे नाव तुमचंच समजा!" मागं हलगी, टाळ्या आणि शिट्ट्या.

बाळासोंनी मोबाइल बाजूला सारला. "अगं, ते मानानं बोलायचं असतंय. जेवायला बसीवल्यावर घर तुमचंच म्हणतोयच की आपण. म्हणून कोण घर नावावर करून घेतंय व्हय?"

"घराचा उतारा तुमच्या नावावर असतो, म्हणून तुम्ही बिनघोर तसं म्हणता. तिकडं नावाचा उतारा कोरा होता, काका. त्यानं स्वतःचं नाव घातलं."

लढता येईल, मैथिली म्हणाली, पण निकाल कधी लागेल आणि कुणाच्या बाजूनं, याची हमी नाही. तोवर तिकडं या नावानं आपल्याला एक पुडीही विकता येणार नाही. अडकलेला माल माघारी मिळाला तरी नशीब. बाळासोंनी तसबीर पुन्हा टॉवेलात गुंडाळली. येताना छातीशी धरलेली, जाताना काखेत मारली.

घरी चिमणाबाई मिरच्यांची देठं खुडत बसल्या होत्या. माल पोचला का, एवढंच त्या रोज विचारायच्या. आज बाळासोंनी खरं काय ते सांगून टाकलं. म्हातारीनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मग एवढं तोंड का पाडतोस? मला इमानात बसीव. मी सांगते त्यास्नी, मीच चिमणाबाई हाय म्हणून. माणूस म्होरं उभा ऱ्हायल्यावर तर पटंल की."

आई समोर उभी राहिली तरी तिथं ती कुणीच नाही, हे तिला कुठल्या तोंडानं सांगायचं? बाळासो खाली बसले आणि देठं खुडू लागले. आईचं नाव कुणी चोरून नेलं नाही, आपणच ते माइकवरून वाटून टाकलं, हे त्यांना तिथं बसल्याबसल्या कळून चुकलं.

पुढं सिंगापूरचा एक व्यापारी येणार म्हणून पोरांनी हलगीवाल्याला सांगावा धाडला. बाळासोंनी तो थांबवला आणि आधी मैथिलीकडं गेले. इथूनच एका अर्जात अनेक देशांत नोंदणी मागता येते, हे त्यांनी या वेळी लक्ष देऊन ऐकून घेतलं. जिथं जिथं माल न्यायचा मनसुबा होता, ते सगळे देश त्यांनी अर्जात घातले. मगच पाहुण्याला बोलावलं. रस्सा तोच, फेटा तोच. माइकवरचं बोलणं मात्र वेगळं.

"पावणं, घर तुमचं. नाव तेवढं माझ्या आईचं."

वाचकहो, पाहुण्याला पोटभर वाढा, मानाचा फेटा बांधा, त्यात आपली शान आहे. पण ज्या मुलखात आपला माल जाणार, तिथं आपलं नाव आपल्या आधी पोचलं पाहिजे आणि ते आपल्याच नावावर चढलं पाहिजे. हा शहाणपणा बाळासोंना आला, पण दुबईपुरता उशिरा आला. तिथल्या दुकानांत आजही चिमणाबाईंच्या नावानं कुणाची तरी चटणी विकली जाते.

आणि चिमणाबाई अजून संध्याकाळी देठं खुडताना लेकाला विचारतात, "बाळू, मग मला कवा न्हेतोस?"