बूशताचा तास

"काळ कोणाच्या बापाचा नोकर नाही," असं सी बूशता जन्मनोंदणीच्या खिडकीतून अत्यंत गंभीरपणे म्हणाला, आणि लगेच समोरच्या माणसाला त्यानं विचारलं, "बाळ सातला झालं म्हणतोस, ते जुन्या सातला की नव्या?"

समोरचा बाप दोन रात्री झोपला नव्हता, तरी नावाआधी 'सी', म्हणजे 'साहेब', लावायला विसरला नाही. "सी बूशता, मुलगी झालीय. सात वाजता झालीय. आता तिला परत पाठवू का?"

"म्हणजे सहाला झालीय," बूशता म्हणाला. वहीत मात्र त्यानं सातच लिहिले, कारण पगार सरकारचा होता.

मी शेजारच्या टेबलावर मृत्यू लिहितो. माझ्याकडे वेळेवरून कोणी वाद घालत नाही.

काही वर्षांपूर्वी सरकारनं घड्याळ एक तास पुढं केलं आणि तिथंच ठेवलं. आमच्या सफ्रू शहरातल्या लोकांनी आठवडाभर शिव्या दिल्या आणि मग काटे फिरवले. बूशतानं फिरवले नाहीत. त्याच्या मनगटावरचं रबरी पट्ट्याचं घड्याळ जुन्याच वेळेवर राहिलं. कचेरी, बस, दवाखाना, मुलीचं लग्न, सगळीकडे तो मनातल्या मनात एक तास मिळवून जायचा आणि कधी चुकायचा नाही. फक्त रमझानमध्ये सरकार उपासकऱ्यांच्या सोयीसाठी काटे महिनाभर मागं घेतं. त्या महिन्यात अख्खा देश बूशताच्या घड्याळावर यायचा. तो कचेरीत शिरताना सगळ्यांना विचारायचा, "काय, आलात का शुद्धीवर?"

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यानं शहराच्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलं. चौकातल्या कॅफेत मी त्याला कारण विचारलं.

"मफद्दल, त्यांनी माझा एक तास उचलून नेला. एका तासात माणूस कुठवर जातो हे त्यांना दाखवायचंय. दहा किलोमीटर. एका तासाच्या आत."

"सरकार बघायला येणार आहे?"

"न येवो. सरकार लग्नालाही येत नाही, म्हणून लोक लग्नं करायची थांबतात का?"

पहिल्या वर्षी तो पोरांच्या बरोबरीनं सुटला. पहिला किलोमीटर पाच मिनिटांत मारला, सहाव्याला कुंपणाला धरून उभा राहिला, आणि एक तास चार मिनिटांनी परत आला. कॅफेत त्याचं नाव 'चार मिनिटं' पडलं. पोऱ्या चहा ठेवताना विचारायचा, "काका, साखर आत्ता टाकू की चार मिनिटांनी?"

तेव्हा त्याला झुबैदानं हाताखाली घेतलं. लल्ला झुबैदा म्हणतात तिला, लल्ला म्हणजे बाई; एके काळी देशासाठी पाच हजार मीटर धावलेली. आता शाळेत खेळ शिकवते आणि शर्यतीचं घड्याळही तीच सांभाळते.

"सी बूशता, तुम्ही रागानं धावता," ती म्हणाली. "राग तीन किलोमीटर पुरतो. पुढचे सात कशावर धावणार?"

"आणखी रागावर."

"पहिले तीन किलोमीटर इतके सावकाश गेले पाहिजेत की तुम्हाला स्वतःची लाज वाटेल. म्हाताऱ्या बायका पुढं गेल्या तरी जाऊ द्या. मधले चार घड्याळासारखे, सहा-सहा मिनिटांचे. शेवटच्या तिनात काय राग उरला असेल तो काढा."

त्या हिवाळ्यात तो दर मंगळवारी शाळेच्या भिंतीलगत चारशे मीटरच्या आठ जोरदार फेऱ्या मारायचा, प्रत्येकीनंतर मिनिटभर श्वास. रविवारी चौदा किलोमीटर, पण इतके हळू की ऑलिव्ह वेचणाऱ्या बायका सोबत चालत त्याच्याशी बोलायच्या. हे त्याला सगळ्यात जड गेलं. जोरात पळायला दम लागतो, हळू पळायला अब्रू सोडावी लागते.

रमझान आला तसा तो सूर्यास्ताआधीच्या तासात धावू लागला. पोटात काही नाही, जीभ टाळूला चिकटलेली, आणि बरोब्बर अजानला घराच्या दारात. यामना, त्याची बायको, वाटीत तीन खजूर घेऊन उभी असायची; आत चुलीवर डाळ-टोमॅटोचं सूप, हरीरा.

"मरणार असशील तर हरीरा पिऊन मर," ती म्हणायची. "एवढं ढवळत बसलेय."

खजुराच्या दहा बिया त्यानं धुऊन वाळवून ठेवल्या. शर्यतीत दर किलोमीटरला एक फेकायची. पिठाची गिरणी, पेट्रोल पंप, मुलींची शाळा, असे दहाही किलोमीटर त्याला पाठ झाले होते.

शर्यत ईदनंतरच्या रविवारी, सकाळी नऊला. मी आणि यामना साडेआठलाच जाऊन थांबलो. ती आदल्या रात्री बहिणीकडे राहिली होती. नऊला बार झाला. चारशे माणसं गेली. त्यात बूशता नव्हता.

"कुठाय तो?" मी विचारलं.

यामनानं कपाळाला हात लावला. "आज पहाटे काटे पुढं गेले ना?"

खरं होतं. रमझान संपला की सरकार परत एक तास पुढं जातं. अकरा महिने रोज न चुकता एक मिळवणारा हा माणूस. पण महिनाभर देश त्याच्याशी सहमत होता, आणि तेवढ्यात त्याची सवय मोडली. अजान सूर्यावर चालते, तिनं काही सांगितलं नाही. त्याच्याकडे फोन होता, पण तो फोनच्या घड्याळावर चिकटपट्टी लावून ठेवायचा.

त्याच्या नऊला दोन मिनिटं कमी असताना तो आला. छातीवर नंबर, मुठीत बिया. कमानीखाली पहिल्या आलेल्या पोराच्या गळ्यात पदक पडत होतं.

"सी बूशता," झुबैदा हळूच म्हणाली, "जवळजवळ सगळे परत आले."

"कुठून? मी तर अजून निघालो नाही."

मग त्यानं कमानीवरचं मोठं घड्याळ पाहिलं. अठ्ठावन्न मिनिटं. मग मनगटावरचं आपलं पाहिलं. मला वाटलं, आता हा घरी जाईल, आणि मी पुढची दहा वर्षं याला कॅफेत कसं बसवू.

"घड्याळ थांबवता येणार नाही मला," झुबैदा म्हणाली. "नियम आहे. बाराच्या सुमाराला एकदाच बंद करायचं."

"नको थांबवूस. पहिला तास त्यांचा. दुसरा माझा."

तो रेषेवर उभा राहिला. आकडा एक तासावर आला तसा निघाला. बार नाही, टाळ्या नाहीत. मी माझी मोपेड काढून मागं लागलो.

रस्ता एव्हाना वाहतुकीला मोकळा केला होता. पुदिन्याच्या जुड्या घेतलेली एक गाढवगाडी त्याच्यापुढं होती. तो तिच्या मागून, लाज वाटेल इतक्या वेगानं, तीन किलोमीटर गेला. बिया एक-एक पडत होत्या. अठरा मिनिटं पंधरा.

"काका, बस चुकली का?" गिरणीवरच्या हमालांनी ओरडून विचारलं.

"बस लवकर आली!" तो म्हणाला. मागं वळला नाही.

पेट्रोल पंपाशी पोलिसानं हात केला. "सी बूशता, शर्यत संपली!"

"तुझ्या मुलाची जन्मतारीख मी लिहिलीय," बूशता म्हणाला. "बाजूला हो."

पोलीस बाजूला झाला. नुसता झाला नाही, त्यानं पुढचा ट्रक अडवला.

मधले चार किलोमीटर सहा-सहाचे, एकही सेकंद इकडं-तिकडं नाही. सातवी बी कब्रस्तानाच्या फाटकाशी पडली. हा माझ्या खात्याचा भाग. त्याचा चेहरा पाहून मी खिशात पेन चाचपलं.

"बस कर," मी म्हणालो. "कोणी बघत नाहीये."

"तू बघतोयस ना? मग लिही." आणि त्यानं वेग वाढवला.

शेवटच्या तिनात जे निघालं त्यात सरकार होतं, कॅफे होता, 'चार मिनिटं' होती. कमान उतरवायला आलेल्या माणसांना झुबैदानं थांबवून ठेवलं होतं. एक माणूस शिडीवर चढलेला तसाच थांबला. यामना रेषेपलीकडे खजूर घेऊन उभी होती आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं ओरडत होती, "अरे गाढवा, आता पळ! आता तरी पळ!"

तो रेषा ओलांडून तिच्या खांद्यावर पडला. त्याच्या घड्याळात एकोणसाठ मिनिटं एक्केचाळीस सेकंद झाली होती. ते त्यानं आधी यामनाला दाखवलं, मग मला, मग शिडीवरच्या माणसाला.

झुबैदानं मोठ्या घड्याळाकडे पाहिलं आणि आपल्या वहीत जे दिसलं ते लिहिलं. मग वही मिटून तिनं त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं, जसं आपण वडिलांचं घेतो.

प्रमाणपत्र आठवड्यानं आलं. त्यानं ते जन्मनोंदणीच्या खिडकीत काचेआड लावलं आहे. बूशता, क्रमांक चारशे तेरा, चारशे तेरापैकी, वेळ एक तास एकोणसाठ मिनिटं एक्केचाळीस सेकंद. कोणी हसलं तर तो एवढंच विचारतो, "यातला माझा तास कुठला, ते सांग."

पुढच्या वर्षीच्या पत्रकात एक नियम वाढला: घड्याळ दीड तासानंतर बंद केलं जाईल.