बाहेर दिसणारं हँडल

चीनमधल्या हफेई शहरात आमचा गाड्यांचा कारखाना. बाजारात कुणाचीही नवी विजेची गाडी आली की आम्ही ती विकत घेतो, स्क्रू न् स्क्रू सुटा करतो आणि चांगलं ते उचलतो. बाकीच्या कंपन्या आमची गाडी तशीच खोलतात. त्यामुळे सगळ्या गाड्या एकाच आईची लेकरं दिसतात, आणि वर साहेब आम्हालाच विचारतात, आपलं वेगळं काय?

त्या दिवशी तान साहेब प्रतिस्पर्ध्याच्या गाडीला टेकून माझ्यावर खेकसला, "यांच्याकडे फ्रिज आहे, गाणी म्हणायला माईक आहे, पाय दाबणारी सीट आहे. जेवणाच्या सुट्टीपर्यंत एक वेगळी गोष्ट सांग, च्यू. नाहीतर तुझा दारांचा विभाग बंद."

"बाहेर दिसणारं, हाताने ओढायचं हँडल," मी म्हणालो. "आपली हँडलं विजेवर बाहेर येतात. अपघातात वीज गेली की ती दारातच गडप. वाचवायला आलेल्याने काय ओढायचं? दोनदा ड्रॉइंग दिलं, दोनदा तुम्ही खोडलंत."

"बैलगाडी विकायचीय का आपल्याला? पस्तिशीनंतर डोकं गंजतं म्हणतात. तू तर त्रेचाळीसचा!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तान सीट बघायला त्या गाडीत बसला आणि दार आपटलं. पलीकडून मेकॅनिक पांगने आत कोण आहे हे न बघता, गाडी खोलायच्या रोजच्या क्रमाने बॅटरीची वायर काढली. सीट थांबली. दारं उघडेनात, काचा उतरेनात. जुलैचा उकाडा. तान काचेवर बुक्क्या मारू लागला.

"वायर जोडू?" पांग घाबरला.

"थांब जरा."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. पण त्याला धाप लागली तसा मी काचेशी ओरडलो, "दाराच्या कप्प्यातली चटई उचला! खालची केबल ओढा!"

चाचपडत, घामाघूम होऊन तो बाहेर आला. "तुला कसं ठाऊक?"

"ती केबल आपलीच. दिसायला नको, लपव, असं तुम्हीच म्हणाला होतात. त्यांनी जशीच्या तशी उचलली."

तो बराच वेळ पाणी पीत राहिला. मग म्हणाला, "तुझं 'थांब जरा' आत ऐकू आलं मला. उद्यापासून येऊ नकोस."

"नाही येत. हँडलचं काय?"

"पांग, याच्याकडून ड्रॉइंग घे. लावायचंय."

मी ड्रॉइंग टेबलावर आपटलं, एक सणसणीत शिवी हासडली. मग पेन्सिल मागून घेतली आणि हँडलमागची फट दोन बोटं वाढवली. आग विझवणाऱ्याचा हातमोजा जाड असतो.