माझ्या शेवटच्या प्रकरणावरून झालेली मारामारी

मित्रांनो, मी एक जुनी, फाटून पुन्हा शिवलेली कादंबरी आहे. 'परतलेला गोसावी' हे माझं नाव. छत्रपती संभाजीनगरातल्या एका लहानशा छापखान्यात माझा जन्म झाला आणि तिथून मी बजाजनगरच्या कामगार वाचनालयात आले. कंपनीतून निवृत्त झालेले रामकिसन काका एका गाळ्यात हे वाचनालय चालवतात. त्यांनी मला खाकी कव्हर घातलं, पहिल्या पानावर शिक्का मारला आणि दारासमोरच्या कपाटात ठेवलं.

माझ्यात एका माणसाची गोष्ट आहे. देव शोधायला तो बायको-लेकरांना सोडून जातो आणि बारा वर्षं डोंगरात राहतो. लोक त्याच्या पाया पडू लागतात. शेवटच्या प्रकरणात तो घरी येतो, बायकोच्या पायांवर डोकं ठेवतो. ती त्याला आत घेत नाही. तिथंच मी संपते.

मला सगळ्यात जास्त वेळा कडुबाने वाचलं. वाळूजच्या एका कारखान्यात प्रेस मशीनखाली त्याची दोन बोटं गेली होती. तेव्हापासून तो सारा राग घरात काढायचा. पोराला पट्ट्याने इतकं मारायचा, की वळ पाहून शाळेतल्या बाई घरी आल्या. काकांनी त्याला मला वाचायला दिलं. शिफ्टच्या बसमध्ये तो मला मांडीवर घेऊन बसायचा. चौथ्यांदा परत करताना त्याने काकांना सांगितलं, की आता तो पोराच्या अंगाला हात लावत नाही. त्या दिवशी मला फार अभिमान वाटला.

मालनबाईंना मात्र माझा संताप आला. त्या मूळच्या पाचोडच्या, इथं कामगारांची खाणावळ चालवतात. त्यांचा नवरा असाच एका बुवाच्या मागे निघून गेला होता. मला वाचून संपवल्याबरोबर त्यांनी भिंतीवर फेकलं. माझी पाठ तेव्हाच खिळखिळी झाली.

"बारा वर्षं त्या बाईनं लेकरं कशी जगवली, त्याचं एक पान बी नाय यात," त्या काकांना म्हणाल्या.

त्यांचं खरं होतं. ते पान माझ्यात नव्हतंच.

मग मला बद्रीनाथने नेलं. तो भजनी मंडळाचा प्रमुख. दोन दिवस त्याने मला देवघरात ठेवून, हात धुऊन वाचलं. शेवटच्या प्रकरणाशी आला आणि त्याने मला देवघरातून बाहेर काढलं. साधूने बाईच्या पाया पडावं, हे त्याला सहन झालं नाही.

रविवारी सकाळी तो तीन माणसं घेऊन वाचनालयात आला. शेवटचं प्रकरण माझ्यातून काढून टाका, असं त्याचं म्हणणं होतं. काकांनी शांतपणे सांगितलं, की पटलं नसेल तर तसं लिहून द्या, मी ते पुस्तकातच चिकटवतो. बद्रीनाथने त्यांच्या थोबाडीत मारली. काका कोलमडले आणि कपाटाचा पत्रा त्यांच्या कपाळात घुसला. त्यांचं रक्त माझ्यावर सांडलं. मग बद्रीनाथने माझे दोन्ही पुठ्ठे धरले आणि ओढले. मित्रांनो, शिवण तुटण्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो.

कोपऱ्यात कडुबा पेपर वाचत होता. त्याने शटर ओढायचा लोखंडी आकडा उचलला. पहिलाच घाव बद्रीनाथच्या कोपरावर बसला आणि हाड मोडलं. ती तीन माणसं पळून गेली. बद्रीनाथ खाली पडला, तरी कडुबा त्याच्या पाठीवर, मांड्यांवर मारतच राहिला. मारता मारता तो माझंच वाक्य पुटपुटत होता. "ज्याच्या मनात राग उरला, त्याची वाट अजून चालायची उरली." माझी पानं फरशीवर पसरली होती. मी सगळं पाहत होते. मला कान झाकता येत नव्हते.

आवाज ऐकून मालनबाई खाणावळीतून धावत आल्या. त्यांनी खाली येणारा आकडा दोन्ही हातांनी धरला. त्यांचा तळवा फाटला, पण त्यांनी आकडा सोडला नाही.

"चारदा वाचलंस ना तू हे?" त्या म्हणाल्या. "मग कोणाला मारायलास?"

कडुबाच्या हातातून आकडा गळाला. तो तिथंच भिंतीला टेकून बसला आणि पोलीस येईपर्यंत उठला नाही.

कडुबा आणि बद्रीनाथ, दोघांवरही गुन्हा दाखल झाला. काकांच्या कपाळाला नऊ टाके पडले. हाताला फडकं बांधून मालनबाईंनीच माझी पानं गोळा केली, पानांचे क्रमांक पाहून लावली आणि शहरातल्या अन्सारभाईंकडे बांधणीला नेली. अन्सारभाईंनी मला नव्या दोऱ्याने शिवलं. रक्ताचे डाग मात्र गेले नाहीत.

जामिनावर सुटल्यावर कडुबा वाचनालयात आला. बद्रीनाथचा हात आता सरळ होणार नाही, त्याला टाळ धरता येत नाही, हे त्याला काकांकडून कळलं. काकांनी मला त्याच्यापुढे ठेवलं.

"नको काका," तो म्हणाला. "आधी त्याच्या घरी जातो. मारलं तर मार खातो."

आणि तो गेला.

मित्रांनो, मी तुम्हाला आवडले नाही तर खुशाल तसं म्हणा. माझ्याशी भांडा, माझ्या चुका दाखवा. पण मला फाडू नका. आणि आवडले, तर माझ्या प्रेमापायी कुणावर हात उगारू नका. मी फाटले तर अन्सारभाई मला पुन्हा शिवतील. माणसाचं कोपर त्यांना शिवता येत नाही.